रात्रभर बसणारे प्रेक्षक

चित्रासमोर किती वेळ थांबायचे हे चित्र ठरवत नसते, पाहणारा ठरवतो. भिंतीवर टांगलेल्या निसर्गचित्राकडे ओझरते पाहून कोणी पुढे गेला तरी आपण ते अर्धेच पाहिले असे त्याला वाटत नाही. परंतु गेल्या साठ वर्षांत दृश्यकलेची एक अशी शाखा वाढली आहे, जिच्यातील कलाकृतीला लांबी-रुंदीबरोबर स्वतःचा कालावधीही असतो. फिल्म, व्हिडिओ, स्लाइडची मालिका, ध्वनी, संगणकावर चालणारी दृश्ये आणि कलावंताने स्वतःच्या देहाने केलेली सादरीकरणे, या सर्वांना मिळून आता कालाधारित कला म्हटले जाते. लंडनच्या टेटसारख्या संग्रहालयात अशा कृतींचे जतन करणारे स्वतंत्र तज्ज्ञ असतात, कारण येथे रंग उडण्याची चिंता नसली तरी टेप झिजण्याची, प्रोजेक्टरचा दिवा बाजारातून नाहीसा होण्याची आणि जुन्या काचनळीचे दूरदर्शन संच मिळेनासे होण्याची चिंता असते. मला मात्र या कलेतील यंत्रांपेक्षा तिची मागणी अधिक महत्त्वाची वाटते. ती पाहणाऱ्याकडे त्याचा वेळ मागते, आणि किती मागायचा हे तिने आधीच ठरवलेले असते.

या मागणीचे टोकाचे उदाहरण अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल याने १९६४ मध्ये घालून दिले. २५ जुलैच्या संध्याकाळी त्याने न्यूयॉर्कमधील एम्पायर स्टेट इमारतीकडे कॅमेरा रोखला आणि तो न हलवता मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालू ठेवला. रिळे बदलण्याचा वेळ धरून हे काम साडेसहा तासांच्या आसपास चालले. ते सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने केलेले होते. दाखवायचे मात्र १६ चौकटींच्या वेगाने असे ठरल्यामुळे पडद्यावर त्याची लांबी ८ तास ५ मिनिटे झाली. अंधार पडतो, इमारतीवरचे दिवे लागतात, पुढे विझतात. याहून अधिक त्यात काही घडत नाही. कलेच्या पुस्तकांतून या फिल्मचा उल्लेख बहुधा सहनशक्तीची परीक्षा म्हणून येतो. मी पहिल्यांदा ती लांबी वाचली तेव्हा माझ्या मनाने निराळाच हिशेब केला. रात्री दहाला बसले तर सकाळी सहाला उठावे लागेल, म्हणजे आमच्याकडच्या नाटकाची एक रात्र.

आमच्याकडे म्हणजे झाडीपट्टीत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांच्या धानाच्या मुलखात दिवाळी सरली, कापणी होऊन बांध्या, म्हणजे धानाची शेते, मोकळ्या झाल्या, की मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागतात आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. तो उन्हाची तिरीप वाढेपर्यंत चालतो. देसाईगंज, ज्याला सगळे वडसाच म्हणतात, तेथे नाट्यमंडळ्यांची कार्यालये आहेत. गावचे मंडळ तेथे जाऊन नाटक ठरवते, तारीख बांधून घेते, शामियाना, दिवे आणि लाऊडस्पीकर यांची जुळवाजुळव करते, आणि मग त्या तारखेला घरोघर पाहुणे उतरतात. लेकी माहेरी येतात, मुलगी दाखवण्याच्या गोष्टी निघतात, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल तर बैलजोड्यांची चर्चा होते आणि रात्री सगळे नाटकाला बसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा दिवसाचा पट गेला तर रात्रीच्या नाटकाला कोण येणार अशी काळजी अनेकांना वाटली होती. २०२१ च्या डिसेंबरात ती बंदी अटींसह उठली. मधल्या वर्षांत, करोनाचा काळ वगळता, नाटकांना माणसे येतच राहिली. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टी म्हणजे काय हे वाचकांना समजावून सांगावे लागले होते, हे मला चांगले आठवते.

या नाटकांची कलामूल्ये काय, यावर मी येथे लिहिणार नाही. त्यांतील बरीचशी मला भडक वाटतात आणि काही थक्क करतात. मला लिहायचे आहे ते तेथील बसण्याविषयी. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि तांबडे फुटेपर्यंत प्रयोग चालतो, म्हणून प्रेक्षक त्या बेताने येतो. त्याच्याजवळ घोंगडी किंवा चादर असते, लहान मुलाला निजवण्यासाठी बोचके असते, खिशात सुपारी असते. मधल्या एखाद्या लांबलेल्या प्रवेशात तो उठून चहा घेऊन येतो, कधी बसल्या जागी पेंगतो, शेजारी त्याला गाणे सुरू झाले की हलवून जागे करतो. एवढे सगळे होऊनही त्याचे नाटक तुटत नाही, कारण त्याने रात्र आधीच देऊन टाकलेली असते. दिलेल्या वेळेतील काही भाग झोपेत गेला तर त्याला तो स्वतःचा दोष वाटत नाही आणि नटांनाही अपमान वाटत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे लांब कलाकृती पाहण्याची ही एक पक्की रीत आहे. ती कोणी शिकवलेली नाही, हंगामांमागून हंगाम जाऊन ती अंगवळणी पडली आहे.

शहरात भरलेला कालाधारित कलेचा एक महोत्सव मी पाहिला होता, तेव्हा ही रीत तेथे औषधालाही नव्हती. काळ्या कापडाचे पडदे लावून छोट्या छोट्या खोल्या केल्या होत्या, प्रत्येक खोलीत एक व्हिडिओ फिरून फिरून चालू होता आणि बाहेर पाटीवर त्याची लांबी लिहिलेली होती. लोक पडदा बाजूला करीत, डोळे अंधाराला सरावण्याआधीच आत काय आहे याचा अंदाज घेत आणि पडदा सोडून पुढच्या खोलीकडे वळत. पाऊण तासाच्या कृतीसमोर एकच बाक होता, त्यावर जेमतेम तिघे मावत. आयोजकांनी जागा घेतली होती, यंत्रे आणली होती, नेमकी बसण्याची सोय तेवढी विसरली होती. मी त्यांना दोष देत नाही. संग्रहालयाची चालच मुळी चालण्याची आहे आणि माणूस तेथे पायांनी पाहतो.

याला अपवाद आहेत, पण ते अपवाद कशामुळे होतात हे पाहण्यासारखे आहे. ख्रिश्चन मार्क्ले या कलावंताने २०१० मध्ये पूर्ण केलेली २४ तासांची व्हिडिओ-कृती हजारो चित्रपटांतील तुकडे जोडून बनवलेली आहे. प्रत्येक तुकड्यात घड्याळ किंवा वेळेचा उल्लेख येतो आणि पडद्यावर जी वेळ दिसते तीच प्रेक्षकाच्या मनगटावर असते. तिला २०११ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात सुवर्णसिंह हा पुरस्कार मिळाला. ती दाखवताना खोलीत सोफे मांडतात आणि अधूनमधून संग्रहालय रात्रभर उघडे ठेवतात. लोक तासन्‌तास बसतात. मात्र तेथे दर क्षणाला नवा चेहरा, नवी गोष्ट आणि पुढे काय हा प्रश्न असतो. बसायला भाग पाडणारी ती जुनी सिनेमाचीच ओढ आहे. वॉरहॉलच्या इमारतीसमोर तेच लोक बसतील का, याविषयी मला दाट शंका आहे.

हिंदुस्थानात या कलेची सुरुवात अगदी अलीकडची आहे असा समज आढळतो, तो खरा नाही. चित्रकार अकबर पदमसी यांना नेहरू फेलोशिप मिळाली तेव्हा त्या पैशातून त्यांनी मुंबईत एक कार्यशाळा उभारली. १९६९ ते १९७२ या काळात चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकार तेथे एकत्र काम करीत. चित्रकार नलिनी मलानी तेव्हा विशीत होत्या आणि तेथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. पदमसींनी स्वतः तेथे रेषांच्या हालचालीची ११ मिनिटांची मूक फिल्म केली. त्यांची दुसरी फिल्म मात्र आज कोणी पाहू शकत नाही. तिची एकच प्रत होती, ती दिल्लीतील एका प्रदर्शनासाठी पाठवली गेली आणि परत आलीच नाही. पुढे चित्रपटकार आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींसोबत ती आठवणींतून पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न केला आणि त्यावर २०१६ मध्ये फिल्म केली. मलानींनी तर १९९२ मध्ये मुंबईच्या केमोल्ड दालनाच्या भिंतींवर चित्रे काढली आणि ठरलेले दिवस संपताच ती पुसली जातील अशीच योजना केली. चित्राला मुदत घालून देणे हासुद्धा त्याला काळाच्या ताब्यात देण्याचाच एक प्रकार आहे.

असे काम दाखवायचे तर मोठे चित्रपटगृह किंवा विक्री करणारे दालन सहसा पुढे येत नाही. पहिल्याला ते पडदा अडवणारे वाटते आणि दुसऱ्याला त्यात भिंतीवर टांगून विकण्यासारखे काही सापडत नाही. म्हणून जगभर कलावंतांनी आणि हौशी मंडळींनी आपापले महोत्सव उभे केले. यांतले जुने महोत्सव राजधानीच्या शहरांत निघाले नाहीत, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. जर्मनीतील ओबरहाउजेन हे तेव्हा कोळसा आणि पोलादाचे शहर होते; १९५४ पासून तेथे लघुपटांचा महोत्सव भरतो. अमेरिकेतील अॅन आर्बर हे विद्यापीठाचे गाव. तेथे १९६३ पासून प्रायोगिक फिल्मचा महोत्सव होतो आणि त्यातील निवडक फिल्म नंतर फिरतीवर दुसऱ्या गावांना जातात. आपल्याकडे २००३ मध्ये शाय हेरेडिया यांनी ‘एक्सपेरिमेंटा’ हा प्रायोगिक फिल्मचा महोत्सव सुरू केला आणि तो पुढे बंगळुरूत स्थिरावला.

आता पैशाची बाजू. अशा महोत्सवांना परदेशी सांस्कृतिक केंद्रे, न्यास, विद्यापीठे, क्वचित सरकार यांच्याकडून अनुदान मिळते आणि तिकीट नाममात्र असते किंवा नसतेच. बाजारापासून मोकळे राहण्यासाठी हे आवश्यक आहे असे सांगतात आणि ते मला मान्य आहे. झाडीपट्टीत व्यवहार अगदी उलट चालतो. मंडळाने ठरलेली रक्कम द्यायची, तिकीटविक्रीतून ती वसूल करायची आणि थंडीची लाट आली किंवा त्याच रात्री शेजारच्या गावात अधिक नावाजलेले नाटक लागले तर खोट सोसायची. कोणाचे अनुदान नाही, म्हणून कोणाचा अर्जही भरावा लागत नाही. या मोकळेपणाची किंमत नाटकांनी मोजलेली आहे. लोकांना हसू आणि रडू हमखास येईल असेच प्रवेश पुन्हा पुन्हा लिहिले जातात. परंतु अनुदानावर चालणाऱ्या महोत्सवाला जी सवलत मिळते तिच्यातही मोठा धोका आहे. तो बाजारापासून सुटतो तसा प्रेक्षकापासूनही सुटतो, आणि रिकाम्या बाकासमोर व्हिडिओ फिरत राहिला तरी त्याचे कोणाला काही वाटेनासे होते.

हे सगळे मी दूर बसून म्हटले असते तर त्याला फारसा अर्थ नव्हता. माझी एक जुनी विद्यार्थिनी नागपुरास चित्रकला शिकून व्हिडिओचे काम करू लागली होती. तिने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी एका हिवाळ्यात आमच्या गावाबाहेरच्या कापलेल्या बांधीत अशा कामांचा एक छोटासा महोत्सव भरवला. मी गावात चित्रकलेचा शिक्षक होतो, म्हणून मंडळाशी बोलण्याचे काम माझ्याकडे आले. त्या मुलांचे सर्वांत पहिले शहाणपण असे की त्यांनी तारीख ठरवण्याआधी पंचांग पाहिले. नाटकाला चांदणे चालते, पडद्यावरच्या चित्राला ते चालत नाही. अमावास्येच्या अलीकडच्या रात्री निवडल्या गेल्या. दहिवराचा विचार मात्र कोणाच्या मनात आला नव्हता. मध्यरात्रीनंतर पडद्याचे कापड ओले होऊन लोंबू लागे आणि प्रोजेक्टरच्या भिंगावर वाफ धरे, तेव्हा एकाला मऊ फडके घेऊन तेथेच उभे करावे लागले.

पहिला पेच उद्भवला तो फिरून फिरून चालणाऱ्या व्हिडिओंमुळे. मुलांची कल्पना अशी होती की कडेच्या तीन पडद्यांवर कामे अखंड चालू राहतील आणि ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा त्याने यावे, हवे तेवढे पाहावे. गावकऱ्यांना हे मुळीच रुचले नाही. प्रत्येक जण येऊन विचारी, ‘सुरू कवा होते?’ ते सुरूच आहे असे सांगितले की, ‘मंग पयलेपासून लावा ना’ असे उत्तर येई. उशिरा आलेल्यासाठी पहिल्यापासून लावावे तर आधी बसलेले ओरडत. शेवटी मंडळाच्या सचिवांनी माइक हातात घेतला आणि नाटकाच्या थाटात घोषणा केली की डाव्या पडद्यावरचा खेळ साडेनऊला आणि उजव्या पडद्यावरचा सव्वादहाला सुरू होईल, तरी प्रेक्षकांनी आपापल्या जागा घ्याव्यात. अखंड फिरणाऱ्या चित्रांचा असा खेळ झाला आणि त्याला आरंभ व शेवट मिळाला. मुलांपैकी एक जण हिरमुसला. त्याच्या मते कामाचा आत्माच गेला. मला तसे वाटले नाही. आरंभ नसलेली कृती एकेकट्या पाहणाऱ्यासाठी असते. सगळ्यांनी मिळून पाहायचे म्हटले की सगळ्यांचा आरंभ एक असावा लागतो आणि गावाने तो आपल्या पद्धतीने मिळवला.

एका तरुणाने देहाने सादर करायची कृती आणली होती. बांधीच्या मधोमध खुर्ची टाकून, डोळे समोर लावून, एक शब्दही न बोलता त्याने रात्रभर बसून राहायचे होते. लोकांनी थोडा वेळ लांबून पाहिले. मग एक म्हातारी जवळ गेली आणि तिने त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले. कोणी चहा आणून ठेवला, कोणी खांद्यावर घोंगडी टाकली, आणि बाराच्या सुमारास त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे जाऊन बसली, कारण एकट्या पाहुण्याला अंधारात सोडून जाणे बरे दिसत नाही. सकाळी त्याच्या वहीत काय लिहिले गेले मला ठाऊक नाही. परंतु प्रेक्षकाने काय करावे याचे त्या कृतीत जे गृहीतक होते ते येथे टिकले नाही, एवढे खरे.

थंडी होती म्हणून लोकांनी तणसाच्या आणि काडीकचऱ्याच्या शेकोट्या पेटवल्या होत्या आणि त्यांचा धूर प्रोजेक्टरच्या झोतात शिरत होता. सचिव शेकोट्या विझवायला निघाले, तेव्हा माझी विद्यार्थिनी त्यांना म्हणाली, ‘काका, राहू द्या, तो धूर मला पाहिजेच होता.’ धुरामुळे प्रोजेक्टरपासून पडद्यापर्यंतचा सगळा उजेड घट्ट, हात लावण्याजोगा दिसत होता आणि मुले त्यात बोटे घालून पाहत होती. तिने मला नंतर जे सांगितले ते मला ठाऊक नव्हते. अँथनी मॅकॉल या कलावंताने १९७३ मध्ये ३० मिनिटांची एक फिल्म केली. तिच्यात काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरा बिंदू हळूहळू वर्तुळ काढत जातो, पण पाहायचे असते ते पडद्यावरचे वर्तुळ नव्हे. प्रोजेक्टरच्या झोताचा हवेत घडत जाणारा उजेडाचा शंकू पाहायचा असतो. त्या काळी अशा फिल्म जुन्या गोदामांत दाखवीत, तेथील धूळ आणि बघ्यांच्या सिगारेटचा धूर यांमुळे तो शंकू आपोआप दिसे. पुढे स्वच्छ, धूम्रपानबंदी असलेल्या संग्रहालयांत तो दिसेनासा झाला आणि धुके सोडणारे यंत्र बसवावे लागले. आमच्या बांधीत पौषातल्या रात्री त्या यंत्राचे काम तणस फुकटात करीत होते. लहानपणी तंबूच्या सिनेमात मी पडद्याच्या मागल्या अंगाला बसून नावांची उलटी अक्षरे वाचली आहेत, परंतु झोताकडेच पाहायचे असते हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही. डोळे मात्र सारखे तिकडे वळत.

आता त्या रात्रीच्या मुख्य कामाकडे येतो. ते माझ्या विद्यार्थिनीचेच होते. आमच्या गावाला एक माजी मालगुजारी तलाव आहे, ज्याला या भागात मामा तलाव म्हणतात. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५० च्या कायद्याने गेली तेव्हा असे तलाव सरकारकडे आले. त्यांच्या पाण्यावर धान पिकते, त्यांत ढीवर बांधव मासोळी धरतात, आणि पाणी कोणी किती घ्यायचे यावरून गावोगाव जुनी भांडणे आहेत. तिने तलावाच्या पाळीवर एकाच जागी कॅमेरा ठेवून दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत दररोज सकाळी थोडे थोडे चित्रण केले होते आणि ते जोडून सुमारे चाळीस मिनिटांचा व्हिडिओ केला होता. आवाज नाही, माणूस क्वचितच दिसतो. पाणी काठापासून आत सरकते, गाळ उघडा पडतो, गाळाला भेगा जातात, बगळे येतात, बगळे जातात. तिच्या मनात काळाची संथ गती होती, एवढे मला तिच्या टिपणावरून कळले होते. शहरात तो दाखवला तेव्हा लोकांनी त्याला ध्यानासारखा म्हटले होते.

आमच्या गावाने तो ध्यान लावून पाहिला खरा, पण वेगळ्या कारणाने. पहिली काही मिनिटे शांततेत गेली. मग चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात एक काळी रेघ दिसू लागली आणि मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणाले, ‘थो पाइप पाय’, म्हणजे तो पाइप पाहा. कोणाच्या तरी मोटारीचा पाइप पाण्यात सोडलेला होता. त्यानंतर पडद्यावरची प्रत्येक सकाळ लोक तारखेसारखी वाचू लागले. हरभऱ्याला पाणी दिले ते हेच दिवस. येथून पाणी झपाट्याने उतरले. मासोळी तोवर वाढली नव्हती, तरी पाणी घेतलेच. मासेमारी संस्थेच्या ढीवरांपैकी एक वयस्क गृहस्थ उठून पडद्याजवळ गेले आणि त्यांनी काठीने पाण्याची रेघ दाखवली. समोरच्या बाजूने उत्तर आले की उन्हाने आटले त्याचे खापर मोटारीवर फोडू नका. कोणी म्हणाले मागे घ्या, कोणी म्हणाले पुढे जाऊ द्या. मागे घेतले गेले. त्या रात्री तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा, पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवावा लागला, आणि कोणी चहाला उठले नाही.

माझी विद्यार्थिनी सुरुवातीला अस्वस्थ झाली. तिच्या कामाचा पंचनामा झाला असे ती म्हणाली. मला तेव्हाही तसे वाटले नाही आणि आजही वाटत नाही. लांबीवर आधारलेल्या कलेचा दावा असा असतो की घाईच्या नजरेला न दिसणारी गोष्ट थांबून पाहणाऱ्याला दिसते. पाइप तिलाही दिसला होता, पण तिने तो चौकटीतील एक रेघ म्हणून ठेवला. गावाला त्या रेघेचा मालक माहीत होता. पाणी रोज डोळ्यांसमोर उतरत असले तरी रोजच्या पाहण्यात ते कळत नाही. सहा महिने चाळीस मिनिटांत दुमडले तेव्हाच ते उतरणे सर्वांना एकदम दिसले. हे काम कॅमेऱ्याने आणि काळाच्या त्या दुमडीने केले, म्हणजे कलेनेच केले. फरक इतकाच की शहरातील प्रेक्षक त्या तलावाचे काही देणे लागत नव्हता, म्हणून त्याला त्यात शांतता दिसली.

या मुलखात असे काम दाखवायचे तर लोकांना ते ‘समजेल का’ हा प्रश्न शहरातील परिचित मला नेहमी विचारतात. मला तो चुकीच्या दिशेने विचारलेला वाटतो. येथे बसण्याची सवय आहे, अंधार आहे, मोकळ्या बांध्या आहेत आणि हंगामापुरता फावला वेळही आहे. नसते ती वीज, म्हणजे असली तरी तिचा भरवसा नसतो. जनरेटर लावला तर त्याच्या घरघरीखाली मंद ध्वनीची कामे बुडून जातात, आणि ही अडचण समजण्या-न समजण्यापेक्षा कितीतरी खरी आहे. येथे येणाऱ्या महोत्सवाने आपल्या कामांना निश्चित आरंभवेळ द्यावी, बाकाऐवजी ताडपत्र्या अंथराव्यात, आणि तिकीटही लावावे असे माझे स्पष्ट मत आहे. फुकट दाखवलेल्या गोष्टीला आमच्याकडे सरकारी प्रचार समजतात आणि तो पाहून झाला की उठून जातात. पैसे मोजलेला माणूस मात्र शेवट पाहिल्याशिवाय हलत नाही, आणि आवडले नाही तर दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर तसे मोठ्याने सांगतो.

पुढच्या हंगामाची बोलणी आता चालू आहेत. पंचायतीतील काहींनी सुचवले की कॅमेरा या वेळी पाणी सोडण्याच्या दारासमोरच ठेवावा. माझ्या विद्यार्थिनीने त्याला साफ नकार दिला. तिला गावाची राखणदार व्हायचे नाही आणि त्यात ती बरोबर आहे, कारण कॅमेरा एकदा साक्षीदार म्हणून नेमला की मग तो कोणाच्या बाजूचा यावरच बोलणे सुरू होते. ती पुन्हा पाळीवरच्या आपल्या जुन्या जागेवरून चित्रण करते आहे. तारखेचा घोळ मात्र सुटलेला नाही. अमावास्येच्या जवळची जी रात्र मुलांना हवी आहे तीच मंडळाने नाटकासाठी वडशाला जाऊन बांधली आहे. मंडळ म्हणते, नाटकाला माणसे नऊपासून जमतातच, पडदा उघडेपर्यंत तुमचा तलाव दाखवा. तिचे म्हणणे असे की नाटकाच्या आधीची भरती म्हणून ते काम दाखवणे हा त्याचा अपमान आहे. त्यापेक्षा नाटक संपल्यावर पहाटे लावावे, बसेल तो बसेल. मी मंडळाच्या बाजूचा आहे. पहाटे नाटक सुटले की बायांना सडा घालायचा असतो, गाई दोहायच्या असतात, पाहुण्यांना पहिल्या एसटीला पोहोचवायचे असते, आणि त्या वेळी चाळीस मिनिटे मागणे म्हणजे ती नाहीत हे ठाऊक असून मागणे होय. नऊ वाजता ती आहेत. तिला हे मी परवा फोनवर सांगितले. ती म्हणाली, ‘सर, मग नाटकवाल्यांना अकराला सुरू करायला सांगा.’ तेवढ्यासाठी येत्या बाजाराच्या दिवशी सचिवांना घेऊन मी वडशाला जाणार आहे.